मुलांना दिलेला शब्द

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी भाची आमच्या घरीं राहावयास आली होती. वय पंधरा, वाचनाची भूक इतकी कीं जेवणाच्या ताटाशेजारींही पुस्तक उघडें. माझ्या कपाटांतून उर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेच्या 'अर्थसी' मालेंतील पहिलीं तीन पुस्तकें तिनें सहा दिवसांत संपविलीं आणि सातव्या दिवशीं चौथें हातीं घेतलें. त्याच दिवशीं दुपारीं ती माझ्या खोलीच्या दाराशीं आली, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलें आणि म्हणाली, "मामा, ह्या बाईंनीं फसवलंय. मला हें पुढं वाचायचं नाहीं."

"फसवलं म्हणजे काय?" मीं विचारलें.

"तीन पुस्तकं ज्याच्यासाठीं वाचलीं, त्याला ह्यांनीं शेळ्या राखायला बसवलंय!"

तिच्या बोलण्यानें मी चपापलों त्याचें कारण निराळें होतें. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, अध्यापनास नुकताच आरंभ केला होता तेव्हां, मीं ह्याच पुस्तकावर एक लेख लिहिला होता. त्यांतही हीच तक्रार होती. फक्त ती पोक्त भाषेंत, ॲरिस्टॉटलचा आधार देऊन मांडलेली होती. लेखिकेनें स्वतःच्या मूर्तीचा स्वतःच्याच हातानें भंग केला, असा त्या लेखाचा निष्कर्ष होता. सध्यां माझ्या जुन्या लेखांचा एक संग्रह निघावयाचा आहे, आणि हा लेख त्यांत घ्यावा कीं गाळावा, घेतल्यास दुरुस्त करून घ्यावा कीं जसाच्या तसा, ह्या विवंचनेंत मी महिनाभर होतों. कारण आज तो मला पटत नाहीं. मुलीची फिर्याद ले ग्विन बाईंविरुद्ध होती, पण उत्तर मलाही द्यावयाचें होतें. लिहिणाऱ्याला आपलेंच जुनें लिहिणें चुकीचें वाटूं लागलें म्हणजे त्यानें काय करावें? आणि तें लिहिणें मुलांच्या मनांत एकदां घर करून बसलेलें असेल, तर?

ज्या वाचकांस ह्या पुस्तकांचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. ले ग्विन बाईंचा जन्म १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. आई थिओडोरा ह्यांनीं, आपल्या जमातीचा अखेरचा माणूस म्हणून ज्याची गणना होते त्या इशी नांवाच्या आदिवासी गृहस्थाचें चरित्र लिहिलें, तें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. गोऱ्या मनुष्याचा इतिहास म्हणजे साऱ्या मनुष्यजातीचा इतिहास नव्हे, हें अशा घरांतल्या मुलीला शाळेंत शिकावें लागलें नसेल. १९६७ सालीं बर्कलीच्याच एका लहानशा प्रकाशकानें, थोड्या मोठ्या मुलांसाठीं कांहीं लिहून द्या, अशी त्यांस विनंति केली. गोष्टींतले जादूगार नेहमीं पांढऱ्या दाढीचे म्हातारेच कां असावे, तेही कधीं तरी पोरसवदा असतीलच, मग त्या वयांत त्यांनीं ती विद्या कोठें आणि कशी संपादन केली, ह्या साध्या कुतूहलांतून १९६८ चें पहिलें पुस्तक 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' निर्माण झालें. (जादूगारांच्या शाळेची कल्पना १९९७ पासून एका इंग्रज लेखिकेच्या पुस्तकांनीं घरोघर पोंचविली. आमच्या भाचीचा प्रथम समज असा झाला कीं ले ग्विन बाईंनीं ती तेथून उचलली! साल दाखविलें तेव्हां ती गप्प बसली.)

अर्थसी हा समुद्रांत विखुरलेल्या बेटांचा देश. तेथें प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक मनुष्याला एक खरें नांव असतें, आणि जो तें जाणतो त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून आपलें खरें नांव जिवलगाखेरीज कोणास सांगावयाचें नाहीं. गॉन्ट बेटावरचा एक शेळ्या राखणारा, आईवेगळा मुलगा अंगच्या सामर्थ्यामुळें रोक बेटावरील विद्यापीठांत जातो. गेड हें त्याचें खरें नांव. अहंकाराच्या भरांत, एका सहाध्यायावर ताण करावी म्हणून, तो मृताच्या आत्म्याला पाचारण करतो. त्यासाठीं पडलेल्या फटींतून एक काळी सांवली जगांत शिरते, ती फट बुजवितांना विद्यापीठाच्या वृद्ध कुलगुरूंचे प्राण जातात, आणि ती सांवली गेडच्या पाठीस लागते. आधीं तो तिच्यापासून पळतो. मग उलट फिरून तिचाच पाठलाग करतो. अखेर दूर समुद्रावर ती दोघें समोरासमोर येतात तेव्हां तो तिच्यावर शस्त्र टाकीत नाहीं. तो तिला नांवानें हांक मारतो, आणि तें नांव त्याचें स्वतःचेंच असतें. मुलांच्या पुस्तकांत शत्रूची अशी गांठ पडलेली मीं दुसरीकडे पाहिलेली नाहीं.

दुसऱ्या पुस्तकांत तेनार नांवाची मुलगी आहे. अगदीं लहानपणीं आईबापांपासून तोडून तिला काळोखांतल्या निनांवी देवतांची पुजारीण केलेलें असतें. तिचें नांवही काढून घेतलेलें असतें. गेड तेथें येतो, तिच्या भुयारांत कोंडला जातो, आणि शेवटीं तीं दोघें एकमेकांना सोडवितात. तिसऱ्यांत, सर्वश्रेष्ठ पदास पोंचलेला प्रौढ गेड एका तरुण राजपुत्रास बरोबर घेऊन मृतांच्या कोरड्या देशांत जातो, आणि सर्व जग जेथून झिरपून चाललें आहे तें भगदाड बुजवितांना आपलें सामर्थ्य शेवटच्या थेंबापर्यंत खर्चून बसतो. हें तिसरें पुस्तक १९७२ चें. त्यास पुढील वर्षीं अमेरिकेंतील बालवाङ्मयाचा राष्ट्रीय ग्रंथ-पुरस्कार मिळाला. पहिल्या दोहोंचाही असाच गौरव झाला होता. अठरा वर्षें ही त्रयी पुरी झाली असें सर्वजण धरून चालले होते, आणि त्या अवधींत तीं पुस्तकें वाचून मुलांची एक पिढी मोठी झाली.

१९९० सालीं 'तेहानू' आलें. तेनार आतां एका शेतकऱ्याची विधवा आहे. मुलें मोठीं होऊन आपापल्या वाटेनें गेलेलीं. तिनें एक पोर सांभाळली आहे. त्या मुलीवर तिच्याच माणसांनीं अत्याचार करून तिला विस्तवांत ढकललेलें आहे. चेहऱ्याची एक बाजू आणि एक हात कायमचे जळून गेलेले. (हें पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं देऊं नये, पंधराव्या वर्षीं द्यावें कीं नाहीं ह्याविषयीं आमच्या घरांत मतभेद आहे.) अशा घरीं गेड येतो, तो ड्रॅगनच्या पाठीवरून, अर्धमेला, सामर्थ्य गेलेला, आणि त्याहून वाईट म्हणजे लाजेनें मान वर न करणारा. राजाचीं माणसें त्याला सन्मानानें न्यावयास येतात तर तो लपून बसतो. डोंगरावर शेळ्या राखतो. पुढें तेनार आणि तो नवराबायकोसारखीं राहूं लागतात. सूत कातणें, शेळ्यांचें दूध काढणें, दाराला कडी आहे कीं नाहीं तें पुन्हां पुन्हां पाहणें, पोरीच्या भाजलेल्या अंगाला तेल चोळणें, ह्यांत पुस्तकाचीं बहुतेक पानें जातात.

पारितोषिक ह्याही पुस्तकास मिळालें. नेब्युला हें तिकडील मानाचें पारितोषिक त्यास लाभलें. परंतु जुन्या वाचकांत खळबळ उडाली. बाईंनीं स्त्रीवादाचें प्रवचन झोडलें, गेडला मुद्दाम खालीं ओढलें, रोकच्या थोर गुरुजनांस हास्यास्पद केलें, असे आक्षेप आले. १९९२ सालीं ऑक्सफर्ड येथें दिलेल्या व्याख्यानांत बाईंनीं आपली बाजू मांडली. वीरकथेची परंपरा पुरुषांनीं घडविलेली. आपण तीं पहिलीं पुस्तकें त्या परंपरेचे नियम मान्य करून लिहिलीं, आणि ते नियम आहेत हेंच त्या वेळीं आपल्याला दिसलें नव्हतें, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता.

मीं पहिलें पुस्तक पुन्हां काढून पाहिलें. रोकच्या विद्यापीठांत एकही विद्यार्थिनी नाहीं, आणि ती कां नाहीं असें कोणी विचारीत नाहीं. बायकांची जादू दुबळी, बायकांची जादू दुष्ट, अशा अर्थाच्या दोन म्हणी गॉन्टच्या लोकांत प्रचलित आहेत. त्या सांगून लेखिका पुढें जाते, जणूं त्या बेटाच्या हवापाण्याचीच माहिती दिली. वेदाध्ययनाचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाहीं ह्यावर ज्या देशांत इतकी शाई खर्च झाली, त्या देशांतल्या वाचकाला तरी तें खटकावयास हवें होतें. मला खटकलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें मीं तें पुस्तक वर्गांत शिकविलें. समोरच्या बांकांवर निम्म्याहून अधिक मुलीच असत. त्यांतल्या कोणीं विचारलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

आणि नवल हें कीं ह्याच पुस्तकांत ह्याच लेखिकेनें एक मोठें धाडस केलें होतें. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे, आणि गोरे कोण, तर जहाजांतून येऊन जाळपोळ करणारे कार्ग लोक. वर्णनाचा गाजावाजा नाहीं. चार शब्द जातां जातां टाकलेले. १९६८ सालीं अमेरिकेंत मुलांच्या अद्भुत कथेचा नायक असा रंगविणें ही साधी गोष्ट नव्हती. चित्रकारांनीं वर्षानुवर्षें वेष्टनावर गेडला गोरा केला. २००४ सालीं तिकडे दूरचित्रवाणीवर मालिका झाली तींत गोराच नट घेतला, तेव्हां बाईंनीं जाहीर निषेध केला. दुसऱ्यांना हंसण्याचा मला अधिकार नाहीं. विद्यार्थिदशेंत मीं तें पुस्तक वाचलें तेव्हां वर्णाचे ते शब्द डोळ्यांखालून गेले, आणि तरी माझ्या मनश्चक्षूंपुढें उभा राहिला तो निळ्या डोळ्यांचा मुलगा! आमच्या इंग्रजी शिक्षणाचा हा प्रताप. पण मुद्दा निराळा आहे. वर्णाच्या अन्यायाकडे जिचे डोळे इतके सताड उघडे होते, तिला स्वतःच्या जातीवरचा, स्त्रीजातीवरचा, अन्याय त्याच पानांवर दिसला नाहीं. तो दिसावयास तिला बरींच वर्षें लागलीं. हें कळल्यापासून, अमक्याला हें दिसत कसें नाहीं, असा संताप मला पूर्वींइतका येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. आपल्या साहित्यशास्त्रानें कवीला प्रजापति म्हटलें आहे. त्याला रुचेल तसें त्याचें जग फिरतें. हें उत्तर घेतलें तर भाचीची फिर्याद तत्काळ निकालांत निघते: निर्मिति बाईंची, मर्जीही बाईंची. पण मुलगी कांहीं मालकीहक्काचा दावा लावीत नव्हती. आजीनें काल रात्रीं अर्धी गोष्ट सांगितली आणि आज राजपुत्राच्या घोड्याचा रंग बदलला, तर पोर अंथरुणांत उठून बसतें आणि "काल असं नव्हतं" म्हणून बजावतें. ह्या "काल असं नव्हतं" मध्यें एक नैतिक हक्क आहे असें मला वाटतें. मोठा वाचक कादंबरी वाचतांना थोडें हातचें राखून वाचतो. मूल तसें करीत नाहीं. तें आपला सबंध विश्वास तेथें ठेव म्हणून ठेवतें, आणि ठेव घेणाऱ्यावर बंधन येतें. गोष्ट सांगणें हा मुलाला दिलेला शब्द आहे.

उलट, प्रसिद्ध झालेलें पुस्तक वाचकांचें, लेखक त्यांत आतां पाहुणा, असेंही एक मत आहे आणि तें विद्वानांत बरेंच लोकप्रिय आहे. वाचकाला मालकी देण्यांत मला एकच अडचण दिसते. मालकाला नवें ऐकून घेण्याची संवय नसते.

तेव्हां शब्द दिला होता हें धरून चाललें, तर तो कशाचा होता हें पाहिलें पाहिजे. गेड सदैव समर्थ राहील असें वचन तिसऱ्या पुस्तकांत कोठेंच नाहीं. तो रिता झाला हें तेथेंच स्वच्छ लिहिलेलें आहे. फक्त त्यानंतर तो कोठें गेला ह्याविषयीं दोन दंतकथा सांगून पडदा पाडला आहे: कोणी म्हणतात, तो आपल्या होडींत बसून एकटाच पश्चिमेस निघून गेला, गॉन्टचे लोक म्हणतात, डोंगरावरच्या रानांत शिरला. आम्हांला तो पडदा प्रिय होता. बाईंनीं पडद्यामागें जाऊन पाहिलें, आणि तेथें एक उतरत्या वयाचा मनुष्य बसलेला होता, ज्याला एकच विद्या येत होती आणि ती संपली होती.

ह्या ठिकाणीं मला महाभारतांतील मौसलपर्व आठवतें. यादवांचा संहार झाल्यावर द्वारकेंतील बायकामुलांना घेऊन अर्जुन निघतो. वाटेंत आभीर हातांत काठ्या घेऊन तुटून पडतात. गांडीवाला दोरी चढवितां चढवितां त्याची दमछाक होते, अस्त्रें आठवत नाहींत, अक्षय म्हणविणारे भाते रिकामे होतात, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका नेल्या जातात. कुरुक्षेत्र जिंकणाऱ्याची ही दशा! हें पर्व नसतें तर कोणाचें अडलें नसतें. पण व्यासांनीं तें सांगितलें, आणि व्यासांनीं आपल्याला फसविलें अशी तक्रार मीं आजवर ऐकलेली नाहीं. मीं माझ्या जुन्या लेखांत ॲरिस्टॉटलच्या दाराशीं जाण्याऐवजीं घरांतच पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

तरी एक भेद उरतोच, आणि सारी वेदना त्या भेदांत आहे. व्यास अर्जुनाबरोबर राहतात. त्याचा शोक, त्याची लाज, त्याचें पुढें जाणें ते सांगतात. ज्या बायका त्या वाटेवर नेल्या गेल्या, त्यांच्याकडे तें पर्व पुन्हां वळून पाहत नाहीं. 'तेहानू' नेमकें तेथें वळून पाहतें. जगाचें भगदाड बुजविलें गेलें त्याच दिवसांत एका ओढ्याकांठीं एक पोर विस्तवांत ढकलली गेली, आणि त्या पोरीच्या बाजूनें पाहिलें तर महापुरुषाचें सामर्थ्य असणें काय किंवा जाणें काय, तिला तें उपयोगीं पडलें नाहीं. गेड दुबळा झाला एवढ्यानें वाचक इतके चिडले असें मला वाटत नाहीं. आपण ज्याला गच्चीवरून पाहत होतों त्याला स्वैपाकघराच्या उंबऱ्यावरून पाहावें लागलें, हें त्यांस सहन झालें नाहीं. मला तरी झालें नव्हतें.

माझी पत्नी इंग्रजी कादंबऱ्या वाचीत नाहीं. भाचीनें रात्रीं जेवणें झाल्यावर आपली फिर्याद मामीपुढें नेली आणि चारही पुस्तकांची कथा, चौथ्याची वाचली होती तेवढी, तिला ऐकविली. भांडीं आवरतां आवरतां ती ऐकत होती. शेवटीं एवढेंच म्हणाली, "अगं, तो असा रिकामा होऊन आला, तेव्हां त्याच्यापुढं ताट कोणी मांडलं, तें कोणीतरी लिहायला नको का?" ह्या प्रश्नाचें उत्तर माझ्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या लेखांत नाहीं.

पुस्तक निर्दोष आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्यांतले दुष्ट पुरुष नुसते दुष्ट आहेत. पहिल्या पुस्तकांत जिनें सांवलीलाही नायकाचें नांव दिलें, तिनें येथल्या खलांना आंतून पाहण्याची तसदी घेतलेली नाहीं. आणि शेवट? सामर्थ्यावांचून जगावें कसें हें सबंध पुस्तकभर सांगणारी लेखिका अखेरच्या प्रकरणांत आकाशांतून ड्रॅगन उतरविते आणि त्याच्या ज्वाळेनें खलांची राख करते. जुन्या लेखांत हें मीं लिहिलें होतें आणि तेवढें मला आजही मान्य आहे.

पण आपली चूक दिसल्यावर बाईंनीं काय केलें, आणि काय केलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं पहिल्या पुस्तकांतल्या त्या दोन म्हणी खोडल्या नाहींत. रोकच्या विद्यापीठांत मागाहून दोन-चार मुली बसविल्या नाहींत. तसें करणें अवघड नव्हतें, आणि तसें करणारे आहेत. 'मेरी पॉपिन्स' ह्या १९३४ च्या पुस्तकांत निरनिराळ्या खंडांतील लोकांचें थट्टेखोर चित्रण होतें; पी. एल. ट्रॅव्हर्स बाईंनीं १९८१ सालीं त्यांच्या जागीं पशुपक्षी आणून बसविले. रोआल्ड डाल १९९० सालीं वारले. २०२३ सालीं प्रकाशकांनीं त्यांच्या पुस्तकांतील अनेक शब्द परस्पर बदलल्याचें उघडकीस आलें, मोठी ओरड झाली, तेव्हां जुना पाठही छापीत राहूं असें जाहीर करावें लागलें. मेलेल्या लेखकाच्या वाक्यांत दुसऱ्यानें सभ्यपणा घुसडणें मला तर निव्वळ अप्रामाणिकपणा वाटतो. ट्रॅव्हर्स बाईंची गोष्ट निराळी. तेथें मूळ पानावर कांहीं मुलांचा सरळ अपमान होता, आणि प्रत्येक मूल तें पुस्तक प्रथमच वाचीत असतें. लेखिकेनें दुसऱ्या एखाद्या पुस्तकांत माफी मागितली तर त्या मुलाला ती कशी पोंचावी? अपमान स्वतःच्या हातानें पुसावा, हें मी कबूल करतों. रोकच्या शाळेंत मात्र अपमानाहून अधिक जें होतें तें मौन होतें, आणि मौन खोडतां येत नाहीं. त्याच्यापुढें बोलावेंच लागतें.

बाईंची ही रीत केवळ मुलांच्या पुस्तकांपुरती नव्हती. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ह्या १९६९ च्या कादंबरींत त्यांनीं, जेथें कोणी कायमचा पुरुष नाहीं आणि कायमची स्त्री नाहीं, असा समाज कल्पिला, आणि त्या सर्व माणसांना सर्वनाम मात्र 'तो' हेंच लावलें. आक्षेप आला तेव्हां १९७६ च्या निबंधांत त्यांनीं त्याचें समर्थन केलें. दहा-बारा वर्षांनीं तें समर्थन त्यांचें त्यांनाच पटेना. मग त्यांनीं तो जुना निबंध जशाचा तसा ठेवला आणि त्याच्या बाजूला, येथें माझें चुकलें, येथें मी नुसती अडून बसलें होतें, अशा अर्थाचीं टिपणें घालून तो पुन्हां छापला. जुनें मत आणि नवें मत एकाच पानावर! माझ्या व्यवसायांतल्या किती लोकांना हें झेपेल? बदललेलें मत आपण बहुधा पहिल्यापासूनच बाळगीत होतों असें दाखविण्याकडे आम्हां प्राध्यापकांचा ओढा असतो, आणि स्मरणशक्ति ह्या कामीं फार मदत करते.

'तेहानू'च्या वेष्टनावर, हें अर्थसीचें शेवटचें पुस्तक, असें छापलेलें होतें. तेंही चुकीचें ठरलें. २००१ सालीं आणखी दोन आलीं. त्यांतल्या एका दीर्घ कथेंत रोकच्या विद्यापीठाचा आरंभकाळ आहे, आणि त्या स्थापनेंत स्त्रियांचा हात होता, त्यांना बाहेर ठेवण्याचा नियम मागाहून आला, असें तेथें कळतें. कोणी म्हणेल, ही तर मागच्या दारानें केलेली दुरुस्ति. मला तसें वाटत नाहीं. संस्थांचा इतिहास बहुधा असाच असतो. जें सनातन म्हणून सांगितलें जातें तें पुष्कळदां आजोबांच्या वेळचेंही नसतें.

मग फसवणूक झाली का? पहिल्या पुस्तकानें मुलांना जर कांहीं शिकविलें असेल तर तें हें कीं, आपल्या हातून जगांत सुटलेली सांवली आपलीच असते, तिच्यापासून पळालें तर ती मोठी होते, आणि तिला आपल्या स्वतःच्या नांवानें हांक मारल्यावांचून सुटका नाहीं. हा शब्द लेखिकेनें वाचकाला दिला होता. गेडनें तो सोळा-सतराव्या वर्षाच्या चुकीबद्दल विशींत पाळला. तिनें अडतिसाव्या वर्षीं लिहिलेल्या चुकीबद्दल साठीच्या घरांत, हजारों वाचकांचा रोष ओढवून घेऊन पाळला. चौथें पुस्तक न लिहितां ती स्वस्थ बसती तर तिची कीर्ति अधिक गुळगुळीत राहिली असती, ह्यांत शंका नाहीं. हें मीं भाचीला सांगून पाहिलें. ती म्हणाली, "तें त्यांचं झालं. माझं काय?" ह्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तिचा गेड गेला होता हें खरेंच होतें, आणि दुसऱ्या कोणाचें कर्तव्य पार पडलें म्हणून आपलें दुःख कमी व्हावें असा नियम नाहीं.

माझा जुना लेख संग्रहांत जसाच्या तसा, खालीं साल घालून छापावा, आणि त्याच्या पाठोपाठ हा घ्यावा, असें मीं प्रकाशकांस कळविलें आहे. त्यांना ही कल्पना फारशी रुचलेली दिसत नाहीं. एकाच पुस्तकाविषयीं दोन मतें दिल्यास वाचकांचा गोंधळ होईल असें त्यांचें म्हणणें. मुद्रितें तपासतांना एक शब्द फार बोंचला. तेनारविषयीं मीं 'ओसरीवरची म्हातारी' असें लिहिलें होतें. तेव्हां मी सत्तावीस वर्षांचा होतों आणि ती चाळिशींतली असेल. तेवढा एक शब्द काढावा असा मोह दोन दिवस झाला. ठेवला आहे.

भाची परत गेली तेव्हां चौथें पुस्तक तिनें नेलें नाहीं. जेथें वाचणें सोडलें तेथें तिनें खूण म्हणून घातलेलें एस.टी.चें तिकीट तसेंच होतें. परवां तिचा फोन आला. माझ्याशीं ती परीक्षेविषयीं बोलली. मग मामीला बोलावून घेतलें, आणि त्या भाजलेल्या मुलीचें पुढें काय होतें तें मामांना विचारून सांग, म्हणाली. मामीनें मला विचारलें. मीं पुस्तक कागदांत गुंडाळून दुसऱ्या दिवशीं टपालांत टाकलें. तिकीट काढलें नाहीं.